भरल्या टाकीनं

"गाडी आज नको परत करायला," ही म्हणाली आणि कपातला उरलेला चहा खिडकीबाहेरच्या कुंडीत ओतला.

वादळ नाही, भांडीआपट नाही. एवढंच. पण आमच्या संसारात 'नको' हा शब्द माझ्या मालकीचा होता. तिच्या वाट्याला 'बरं' आला होता आणि इतकी वर्षं तिनं तो धुऊन-वाळवून नीट वापरला होता. त्यामुळे तिच्या तोंडून 'नको' ऐकल्यावर आधी मला वाटलं, पलीकडच्या खोलीतली बाई तिच्या नवऱ्याशी बोलते आहे. लॉजच्या भिंती पातळच होत्या. मी बूट घालत होतो. एक पायात, एक हातात. हातातला तसाच राहिला. ठरलं काय होतं, तर प्रवास संपला, आता शहरात मुलाकडे राहायचं. तेव्हा शहराच्या अलीकडे मोठ्या रस्त्यावर भाड्याच्या गाडीवाल्यांचं जे आवार आहे तिथे गाडी देऊन टाकायची, टॅक्सी करायची आणि मुलाच्या घरी जाऊन सुखानं आडवं व्हायचं. ठरलं होतं म्हणजे मी ठरवलं होतं. शहरात गाडी म्हणजे गळ्यात धोंड. लावायची कुठे, काढायची कशी, रात्री कोण घासून जाईल. हे सगळं मी आदल्या संध्याकाळी तिला समजावून सांगितलं होतं आणि ती 'बरं' म्हणाली होती. म्हणजे म्हणाली असणार. ती गप्प बसली की मी ते 'बरं'च धरून चालतो.

"का नको?"

"दारापर्यंत गाडीनंच जाऊ. राहू तोवर असू दे दाराशी. निघताना देऊ."

"आणि ठेवायची कुठे? सुनेच्या डोक्यावर?"

"त्यांच्या इमारतीखाली जागा आहे. मी विचारलं तिला."

विचारलं! म्हणजे माझ्या पाठीमागे फोनाफोनी झाली होती. "कोण चालवत येणार तेही सांगितलंस?"

"नाही," ती म्हणाली. "ते दिसेलच की."

तेच तर. ते दिसलं असतं. आता तुम्ही म्हणाल, बायको गाडी चालवते यात लपवण्यासारखं काय आहे. काही नाही. मी काही जुन्या वळणाचा माणूस नाही. बायकांनी गाडी चालवावी, विमान चालवावं, माझं काही म्हणणं नाही. अडचण एवढीच की आमच्या घरात गाडी मी चालवतो. मुलाला तसं ठाऊक होतं, सुनेला ठाऊक होतं आणि व्याह्यांना तर इतकं पक्कं ठाऊक होतं की ते मी चालवलेल्या गाड्यांच्या गोष्टी स्वतःच्या मित्रांना सांगत. व्याह्यांना मी मनात भोंगा म्हणतो. बैठकीत शिरले की आधी त्यांचा आवाज शिरतो, मग पोट, मग ते. मुलांच्या लग्नात त्यांनी चारचौघांत मला विचारलं, "तुम्ही गाडी बाळगत नाही वाटतं?" मी म्हटलं, "बाळगून झाली. आता फक्त चालवतो." लोक हसले, भोंगा जरा वेळ बंद पडला. तिथून ते सुरू झालं. थापेचं असं असतं की एक सांभाळायला दुसरी ठेवावी लागते, मग त्या दोघींना सोबत म्हणून तिसरी. शेवटी घरात माणसांना बसायला जागा राहत नाही. आणि आज भोंगा जेवायला येणार होता, मुद्दाम, माझ्याकडून घाटाची गोष्ट समोरासमोर ऐकायला.

माझी नोकरी गाड्यांतलीच. विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या पाहायच्या, पोचे मोजायचे, ओरखड्यावरून बोट फिरवून सांगायचं की हा खांब आहे, हा दगड आहे, ही दुसरी गाडी आणि हा तर मालकानंच घरी हातोडा घेऊन केलेला आहे. लोक काय काय सांगत! गाय आडवी आली. ढोरं नाहीत अशा भागातही गाय आडवी यायची. 'मी ठोकली' असं एकानंही कधी म्हटलं नाही. एकानं लिहून दिलं, रस्त्यात अचानक झाड आलं. मी अहवालात लिहिलं, सदर झाड जबाबाला हजर राहिलं नाही. साहेब आठवडाभर हसत होते. हे मी खरंच लिहिलं होतं की नुसतं सांगितलं होतं, आता आठवत नाही. पण सांगून सांगून ते लिहिल्यासारखं झालं आहे. गोष्ट सांगायला मी त्या माणसांकडून शिकलो. फरक इतकाच की ते स्वतःला वाचवायला सांगत आणि मी, असंच, लोकांना बरं वाटावं म्हणून.

पण बाहेरून पोचे पाहून भागत नाही. दार उघडून आतही वाकावं लागतं. आत चष्म्याची एक काडी असते. लहान मुलाचा एकच बूट असतो, त्याची नाडी कुणीतरी काळजीपूर्वक दुहेरी बांधलेली. अर्धं खाल्लेलं सफरचंद, आणि ते अजून पुरतं तपकिरी झालेलं नसतं. एकदा एका गाडीत रेडिओ चालू होता. पुढचा सगळा भाग पत्र्याची चुरगळलेली घडी, आणि आत एक बाई भाजणीची कृती सांगावी तशा सुरात हवामान सांगत होती, निरभ्र राहील म्हणून. स्टिअरिंगचं चाक पुढच्या बाजूला वाकलं होतं आणि त्याला माणसाच्या छातीचा घाट आला होता. मी तो रेडिओ बंद करायला हात घातला आणि माझे तळवे ओले झाले. पुढे कुठल्याही गाडीच्या चाकाला हात लावला की ते तसेच होऊ लागले. परवाना ऑफिसच्या ओळखीवर आधीच निघाला होता; तो पाकिटात राहिला, मी शेजारच्या सीटवर राहिलो. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगण्याजोगी गोष्ट नव्हती ती. तिला शेवट नव्हता आणि हसायची जागा तर कुठेच नव्हती.

हिला ते न सांगता कळलं असावं. ती चालवायला बसते आणि मी शेजारी, तेव्हा निघण्याआधी ती एक कापडी पिशवी माझ्या मांडीवर ठेवते. "धरा जरा," म्हणते. पिशवीत काही नसतं. मी एकदा उघडून पाहिली होती. मग मी ती धरतो, पुढच्या ट्रकचे दिवे लाल झाले की जास्त घट्ट धरतो, आणि ती रस्त्याकडे बघत असते. याबद्दल आम्ही कधी बोललेलो नाही.

ती शिकली तेव्हा मुलगा शिकून बाहेर पडला होता. दुपारी, मी कामावर असताना. मला सांगायची, शिंप्याकडे गेले होते. वर्षभर शिंप्याकडे खेपा घालणाऱ्या बाईच्या अंगावर नवा कपडा एक आला नाही, आणि दुसऱ्यांच्या पोच्यांवरून त्यांची कुंडली सांगणाऱ्या माझ्या ते लक्षात आलं नाही. मग एक दिवस ऑफिसातल्या एकानं सांगितलं, "वहिनींना पाहिलं काल. काय सफाईनं वळवली हो गाडी!" मी क्षणभरसुद्धा अडखळलो नाही. म्हटलं, "मीच शिकवलं." त्या रात्री जेवताना हा विनोद मी हिलाही सांगितला. तिचा वाढता हात थांबला. मग तिनं मला वाढलं, स्वतःला वाढलं आणि म्हणाली, "बरं."

या प्रवासात गाडी तिच्या नावावर घेतली, कारण परवान्याला उजेड दाखवायची वेळ आली की माझा नेहमी 'घरी राहिलेला' असतो. काउंटरवरच्या पोरसवदा कारकुनानं विचारलं, "चालवणार कोण, काका?" मी म्हटलं, "ही हौसेनं थोडी चालवते, मी आपला लांबच्या टप्प्याला." आणि तो काही म्हणायच्या आत गाडीभोवती फेरी मारून त्याच्याच गाडीचे सहा ओरखडे त्याला दाखवले. पोरगं गार पडलं. ही सही करत होती. समुद्राकाठचा रस्ता तिनं चालवला, जंगलातला तिनं चालवला, आणि रोज संध्याकाळी खोलीवर पोचलो की मी मुलाला फोन लावायचो आणि तो रस्ता पुन्हा एकदा मी चालवायचो. खरं सांगायचं तर माझा रस्ता तिच्या रस्त्यापेक्षा चांगला असायचा. तिच्या रस्त्यावर काही घडायचंच नाही, इतकी ती नीट चालवते.

पण काल घडलं. घाट अर्धा उतरला आणि धुकं आलं. म्हणजे आलं कसलं, कुणीतरी गाडीवर चादर टाकल्यासारखं झालं. बॉनेट दिसेना. थांबायला जागा नाही, मागून येणाऱ्याला आपण दिसणार नाही, एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला काही नाही. मी डोळे मिटले. पिशवी छातीशी धरली. काच खाली गेल्याचा आवाज आला, गार ओलसर हवा आत आली, आणि मी डोळे किलकिले करून पाहिलं तर तिनं मान बाहेर काढली होती आणि रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ बघत बघत ती गाडी उतरवत होती. तोंडानं हळूहळू म्हणत होती, "चल बाई, चल. चल बाई, चल." गाडीला म्हणत होती का स्वतःला, कोण जाणे. मी पुन्हा डोळे मिटले. किती वेळ गेला सांगता येणार नाही. खाली उन्हात आल्यावर तिनं गाडी कडेला घेतली, हात चाकावरून काढून मांडीवर ठेवले, आणि हसली. तिचे केस ओले होऊन कपाळाला चिकटले होते. असं हसताना मी तिला पाहिलं नव्हतं. लग्नाआधीच्या फोटोतसुद्धा नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "अहो, जमलं मला." मी म्हटलं, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" मी काही म्हटलं नव्हतं. माझे दात वाजत होते.

आणि संध्याकाळी फोन लावला. तिकडे भोंगा आलेलाच होता, मुलानं फोन सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला होता, मागे कुणीतरी पाणी ओतत होतं. एवढे श्रोते असल्यावर माणसानं काय करायचं? मी सांगितलं. काच खाली केली म्हणालो, मान बाहेर काढली, पांढरी रेघ धरली, आणि गाडीला म्हटलं, चल बाई, चल. तिकडून व्याही ओरडले, "वा! वा व्याही!" ते शब्द मी घ्यायला नको होते, असं मला तेव्हाच वाटलं का? वाटलं असेल. पण ते शब्द गोष्टीत इतके चपखल बसले! ही पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. माझ्या एका शर्टाची तिनं घडी घातली, ती मोडली, परत घातली. तिकडे सगळे हसत होते. तिनं तिसऱ्यांदा घडी मोडली तेव्हा मी फोन दुसऱ्या कानाला लावला आणि खिडकीकडे तोंड केलं.

तर असा तो 'नको' आला होता. मला कळत नव्हतं असं नाही. सामान गाडीत टाकताना ती म्हणाली, "मला त्यांच्या दारात गाडी चालवत जायचंय. एकदा. मग तुम्ही म्हणाल तेव्हा देऊन टाकू."

"अगं, हा काय हट्ट? लहान आहेस का?"

"नाही ना. म्हणूनच." तिनं पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. 'धरा जरा' म्हणाली नाही, एवढं माझ्या ध्यानात आलं.

मी गप्प बसणाऱ्यांतला नाही. वाटेत मी तिला शहरातल्या वाहतुकीच्या गोष्टी सांगितल्या. एक गृहस्थ म्हणे सकाळी गाडी लावायला जागा शोधायला निघाला आणि निवृत्त होऊन घरी परतला. एरवी ती हसते. हसली नाही तरी नाकातून आवाज काढते, तोही नाही. मग आवाराच्या थोडं अलीकडे पंप दिसला तसा मी थांबायला सांगितलं. भाड्याच्या गाडीचा कायदा आहे: भरलेली घ्यायची, भरलेली द्यायची, नाहीतर ते लोक आपल्या दरानं भरतात आणि आपल्याला सोलतात. मला कुणी सोलावं हे मी खपवून घेत नाही. उतरलो आणि पंपावरच्या माणसाशेजारी उभा राहिलो.

"झाली काका. आपोआप बंद पडलं बघा."

"त्याला काय कळतंय? अजून घाल."

"मावणार नाही."

"मावतं. हे बघ." मी मागून गाडी हलवली. आत पेट्रोल डचमळलं. "हवा बसलेली असते आत. घाल हळूहळू. काठोकाठ पाहिजे मला."

तो हसत हसत घालत राहिला. ही उतरून पुढची काच पुसत होती. काचेवर कालच्या प्रवासातले किडे वाळून चिकटले होते, ते नखानं खरवडत होती. म्हणाली, "आज द्यायची नाही म्हटलं ना मी?"

"देशील," मी म्हटलं. "तुला मी ओळखत नाही का?"

तिनं फडकं पिळलं. "भरून घ्या मग," म्हणाली. "नीट भरून घ्या."

आवाराची पाटी लांबूनच दिसली. बाण, बाणाखाली गाडीचं चित्र. मी तिचा हात बघत होतो. वळायचं असेल तर तिनं आता दिवा लावला असता. पाटी मोठी होत गेली, डोक्यावर आली.

"वळण!"

"दिसलं."

"अगं, गेलं!"

"गेलं," ती म्हणाली. मागच्या काचेतून बघितलं तर तारेच्या कुंपणाआड ओळीनं लावलेल्या धुतलेल्या गाड्या, सगळ्या एकाच दिशेला तोंड करून, कुणाची तरी वाट बघत असल्यासारख्या. मला एकदम लहान मुलासारखं रडू येईल असं वाटलं. मी पिशवीचे बंद बोटाला गुंडाळू लागलो.

मग शहर आलं. एकावर एक चढलेले पूल, काचेच्या इमारती आणि त्यांच्या काचांत दुसऱ्या काचेच्या इमारती, सिग्नलला दुचाकींवर पाठीला चौकोनी पेट्या लावलेली माणसं. ती स्वतःशी गुणगुणत होती. वाट सुनेनं सांगितलेली, तिच्या डोक्यात बसलेली. इकडे माझ्या डोक्यात व्याही गॅलरीत येऊन उभे होते. दोन्ही हात कठड्यावर, पोट कठड्याच्या आत. गाडी येते. थांबते. चालवणाऱ्याच्या बाजूचं दार उघडतं. बाहेर येतो तो पाय कुणाचा? तो पाय मी वीस प्रकारे बाहेर काढून पाहिला. 'शेवटचा टप्पा म्हटलं तिला दे.' 'पाठ धरली हो माझी.' 'डोळ्यात कचरा गेला.' एरवी मी यातलं कोणतंही खपवलं असतं. पण ती आता गप्प बसेलच याची मला खात्री राहिली नव्हती. ज्या बाईनं वळण जाऊ दिलं, ती काय बोलेल काय सांगावं? आणि एक थाप उघडी पडली की मागचं सगळं उघडं पडलं. समुद्र, जंगल, झाडाचा जबाब, सगळं.

कोपऱ्यावर चष्म्याचं दुकान, तिथून सरळ गल्ली, गल्लीच्या टोकाला मुलाची इमारत. दुकानाच्या खिडकीत नुसते चष्मे, चेहऱ्यांशिवाय.

"थांब," मी म्हटलं.

तिनं गाडी कडेला घेतली. "काय झालं?"

"इथून पुढे मी घेतो."

तिला कळलंच नाही. "काय घेता?"

"गाडी. सरळ गल्ली आहे. वळणसुद्धा नाही. पहिल्या गिअरवर सोडली की आपली आपण जाते. तू इकडे बस."

ती माझ्याकडे बघत राहिली. माझ्या तोंडाकडे नाही, हातांकडे. "अहो, तुमचे हात..."

"हातांचं मी बघतो."

"दारापर्यंतच?"

"दारापर्यंतच. तुझं काय जातंय?"

"बरं," ती म्हणाली.

तो शब्द कानात पडला आणि मला इतकं बरं वाटलं! हरवलेली वस्तू जुन्या कोटाच्या खिशात सापडावी तसं. आम्ही उतरलो, गाडीच्या पुढून एकमेकांना ओलांडून गेलो, आणि मी तिच्या जागेवर बसलो. सीट तिच्या बेतानं पुढे ओढलेली होती, माझे गुडघे वर आले. आरशात मला माझा कान दिसला. चाक गरम होतं, तिच्या हातांनी गरम. ती शेजारी बसली, पिशवी तिच्या मांडीवर. तिनं ती धरली नव्हती, नुसती होती. मी किल्ली फिरवली. गाडी थरथरली. पायाखाली काय काय आहे ते मला पाठ आहे. कुठलं पेडल किती दाबल्यावर कुठला पत्रा किती चेपतो हे मी झोपेतही सांगेन. मी क्लच सोडला. गाडीनं एक उडी मारली, अगदी लहान, आणि बंद पडली. मागून भोंगे सुरू झाले. पुन्हा किल्ली फिरवली. तळवे असे ओले की चाक निसटलं. समोर गल्ली सरळ होती, ऊन होतं, निरभ्र होतं, आणि कुठेतरी कुणाचा तरी रेडिओ लागला होता.

"ओ काका!" मागचा माणूस खिडकीतून ओरडला. "झोपलात का? बाजूला घ्या की!"

"अहो, पुरे," ती म्हणाली. हळू म्हणाली. तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"तू मध्ये बोललीस म्हणून बंद पडली," मी म्हटलं.

तिनं हात काढून घेतला. उतरली. मागची डिकी उघडल्याचा आवाज आला, मग दोन बॅगा फुटपाथवर ठेवल्याचा. दोन्ही माझ्या; तिची बॅग निळी आहे हे मला नंतर आठवलं. तिनं माझ्या बाजूचं दार उघडलं आणि वाट बघत उभी राहिली. मी उतरलो. कापडी पिशवी तिनं माझ्या हातात दिली.

"तुम्ही चालत जा. समोरच आहे. मी गाडीचं बघते."

"देऊनच येणार ना?"

"टाकी भरलेली आहे," ती म्हणाली.

शेवटी माझंच खरं झालं, असं मला वाटलं. सीट आणि आरसा तिच्याच बेताचे राहिले होते; तिनं दिवा लावला, मागे वळून नीट पाहिलं आणि गाडी रहदारीत अशी मिसळली की कुणाला ब्रेकसुद्धा लावावा लागला नाही. आयुष्यभर मी चुका शोधल्या. तिथे एकही नव्हती.

घरात शिरलो तर सगळे दाराशी. मुलानं बॅगा घेतल्या, सुनेनं पाणी आणलं, भोंगा वाजला. "या, घाटवीर! गाडी कुठंय? मी मघापासून गॅलरीत उभा आहे."

"आई कुठंय, बाबा?" मुलगा म्हणाला.

"येतेय मागनं. गाडी परत करायला गेलीय. कागद तिच्या नावावर ना."

"एकटी? चालवतंय कोण मग?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. दोन अक्षरी. जीभ त्याला ओलांडून पुढे गेली. "ड्रायव्हर आहे. शहरात शिरल्यावर ठेवली एक. म्हटलं, इथल्या गर्दीत आपण कशाला?"

"ठेवली?" व्याही म्हणाले. "बाई?"

"बाई. बरी चालवते. मीच हाताखाली तयार केली म्हणा ना."

"बाई आणि गाडी! रस्त्यातले खांब शिल्लक आहेत का बघून या रे कुणीतरी!" व्याही स्वतःच्या मांडीवर थाप मारून हसले. मीही हसलो. कुणी हसलं की मला राहवत नाही. म्हटलं, "खांबच बाजूला होतात हो तिला बघून." मग मुलगाही हसला. सून तेवढी माझ्या हातांकडे बघत होती. "बाबा, ती पिशवी द्या ना इकडे, ठेवते." मी म्हटलं, "असू दे."

मुलाचा फोन वाजला. "आईचा," म्हणाला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. आमच्या घरातली ही रीत मीच पाडलेली.

"हे पोचले का?"

"पोचले गं. आणि आता तुझ्या ड्रायव्हरबाईंचं कौतुक चाललंय. बाबांनी तयार केली म्हणे."

पलीकडून टिकटिक, टिकटिक. वळायच्या दिव्याची. मग टिकटिक थांबली. गाडी वळली होती. खोलीत एकट्या मला ते कळलं.

"चांगली आहे म्हणाले का?" तिनं विचारलं.

"बरी आहे म्हणाले."

"बरी," ती म्हणाली. चवीला काय कमी आहे ते बघावं तशी म्हणाली.

"तू लवकर ये. जेवायला थांबलोय."

"थांबू नका. जेवून घ्या. मी पुढे जातेय."

"पुढे? पुढे कुठे? अगं, गाडी द्यायची होती ना?"

"दिवस वाढवून घेतलेत मी. रस्ता चांगला आहे."

"आई, काय झालंय? कुठे चाललीस? कोण आहे तुझ्याबरोबर?"

वारा ऐकू आला. तिनं काच खाली केली असावी.

"ह्यांना विचार," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता; राग असता तर मी त्याचं काहीतरी केलं असतं. "हे छान सांगतात."

फोन बंद झाला. मुलानं परत लावला, वाजत राहिला. मग सगळे माझ्याकडे वळले. मुलगा, सून, आणि व्याही तर खुर्ची पुढे ओढून. मी पिशवी धरून बसलो होतो. समुद्राचा रस्ता आठवला, आणि त्याच्या पुढचा, आणि त्याच्या पुढचा, ज्यावर आम्ही गेलो नव्हतो. भरल्या टाकीनं ती गाडी कुठवर जाते हे त्या खोलीत माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? मीच हलवून हलवून काठोकाठ भरून घेतली होती.

"बाबा?" मुलगा म्हणाला.

मी घसा खाकरला. "त्याचं असं झालं," मी म्हणालो, आणि व्याह्यांनी आधीच हसून घेतलं.